पटावरची विसावी मुलगी

नाथाजी गुरुजींनी माण तालुक्यातल्या खडकेवाडीत एकोणीस वर्षं शाळा चालवली आणि तेवढ्यात अर्ध्या गावाला एकाच तारखेला जन्माला घातलं. ती तारीख म्हणजे एक जून. शाळा जूनमध्ये उघडायची, पहिलीत बसायला सहा वर्षं पूर्ण लागायची, आणि आईबापांना जन्मतारीख विचारावी तर कुणी म्हणायचं दुष्काळात झाला, कुणी म्हणायचं बोरं पिकली तेव्हा. मग गुरुजी पेनाचं टोपण काढायचे, सहा वर्षं मागं जायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. आता दरवर्षी त्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केक आणि गुलाबांची अशी गर्दी उडते की जुने फोन बंदच पडतात. पारावरची माणसं गुरुजींना ‘गावाची सुईण’ म्हणून चिडवायची आणि गुरुजी मिशीतल्या मिशीत हसायचे.

खोटं कशाला बोला, त्यांना त्या चिडवण्याचा अभिमानच वाटायचा. त्या तारखेच्या जोरावर पोरं शाळेत आली, टिकली. नऊजण फौजेत गेले, दोघी नर्स झाल्या, एक तर मंत्रालयात चिकटला. निवृत्त झाल्यावर गुरुजी आपल्या मूळ गावी गेलेच नाहीत. शाळेच्या मागं दोन खोल्या बांधून ते खडकेवाडीतच राहिले, कारण रस्त्यानं चालताना ‘गुरुजी, रामराम’ ऐकायची सवय लागलेल्या माणसाला दुसरीकडं करमत नाही.

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. गुरुजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते तेव्हा क्रांती आली. क्रांती म्हणजे बिरू मेंढपाळाची मुलगी, दहिवडीच्या कॉलेजात बारावीला. अंगानं किरकोळ, पण मेंढरू खाली पाडून त्याला एका दमात इंजेक्शन देणारी. कोरोनाच्या वर्षी शाळा बंद होत्या, तेव्हा ती बापाबरोबर कळपामागं हिंडली आणि जनावरांच्या डॉक्टरांचं बघून बघून सुई टोचायला शिकली. त्यात तिचं शाळेचं एक वर्ष बुडालं, पण पंचक्रोशीतले मेंढके तिला ‘डॉक्टरीण’ म्हणू लागले. तिला पुढं त्याचाच डिप्लोमा करायचा होता. हे ती कुणालाही, न विचारता सांगायची.

आज मात्र ती गप्प उभी राहिली. गुरुजींनीच विषय काढला.

“काय गं, रविवारी तुझा साखरपुडा ना? बिरू येऊन सांगून गेला. मुलगा कवठे महांकाळचा म्हणे, द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर आहे. चांगला आहे का?”

“चांगला आसंल,” क्रांती म्हणाली. “पन गुरुजी, साखरपुड्याला हळद कशाला लागती?”

“म्हणजे?”

“चार दिसांमागं आईनं हळद दळून आणली. मुंडावळ्या आणल्यात, डब्यात दडवून ठेवल्यात. मनी डोरलं बी केलंय.”

गुरुजींनी पेपर बाजूला ठेवला. साखरपुड्यातच लग्न लावून टाकायचं, ही आमच्याकडं चांगली चाल मानतात. दोन्हीकडची शंभर माणसं जमतात, जाणता कुणीतरी उठून म्हणतो की आता परत कशाला खर्च, आणि तासाभरात अक्षता पडतात. पेपरात फोटो येतो, लोक कौतुक करतात. गुरुजींनी स्वतः अशा चार लग्नांत उभं राहून भाषणं ठोकली होती. पण त्याच आडोशानं काय काय उरकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पत्रिका नाही, मांडव नाही, म्हणजे कुणी आधी येऊन विचारायलाही नको. पोरगी किती वर्षांची हे कळेपर्यंत ती सासरी पाणी भरत असते.

“तू कुणाला सांगितलंस?”

“पोरांच्या मदतीचा एक हजार अठ्ठ्याण्णव नंबर हाय न्हवं, त्येला फोन केला. मीच. परवा रेश्मा मॅडम आल्या व्हत्या.”

रेश्मा ही गावची ग्रामसेविका. गावात बालविवाह होऊ घातला तर तो थांबवायची जबाबदारी कायद्यानं तिच्यावर. तशी धडाडीची बाई. गेल्या वर्षी शेजारच्या गावात ऐन हळदीच्या दिवशी जाऊन तिनं एक लग्न मोडलं होतं.

“मग?”

“त्येंनी शाळेचा दाखला बघितला, आधार बघितलं. दोन्हीवर एक जून. म्हनाल्या, कागदावर तू अठरा वर्सं पाच महिन्यांची हायस, मी काय करू? माझे हात बांधलेत म्हनाल्या.” क्रांतीनं पहिल्यांदा गुरुजींच्या डोळ्यांत बघितलं. “आई म्हनती मला अजून सतरा बी पुरी न्हाईत. ती तारीख तुमी लिवलीया गुरुजी. तुमीच खोडा.”

गुरुजी म्हणाले की असं खोडता येत नाही, दहावीच्या सर्टिफिकेटावर तीच तारीख आहे, बोर्डात गेली आहे, आता मी निवृत्त माणूस. बोलता बोलता आपला आवाज चढतोय हे त्यांच्या लक्षात आलं. चूक अंगावर आली की शिक्षकाचा आवाज चढतोच. क्रांतीनं सगळं ऐकून घेतलं. ती रडली असती तर गुरुजींनी पाठीवर हात फिरवून, चार शब्द सांगून तिला वाटेला लावली असती. पण ती रडायला आली नव्हती. “बघा तुमी,” एवढंच म्हणून ती शेळ्यांना पाला आणायला निघून गेली.

गुरुजींना तो दिवस आठवत होता. आठवत नसता तर बरं झालं असतं. त्या वर्षी वरून पत्र आलं होतं की वीसपेक्षा पट कमी असेल तर शाळेचं काही खरं नाही. खडकेवाडीचा पट एकोणीस होता. गुरुजी घरोघर फिरून दमले होते, आणि अचानक बिरू दारात उभा राहिला, कडेवर ही चिमुरडी. थोरल्या पोराला त्यानं आपल्या म्हाताऱ्या आईजवळ, राहीबाईजवळ ठेवून शाळेत घातलंच होतं, त्या एकोणिसांत तो होताच. त्याच्या नादानं हीपण बसली तर बसू दे, कळपामागं हिचे पाय पोळतात, असं म्हणत होता. गुरुजींनी तिच्याकडं बघितलं तेव्हाच त्यांना कळलं होतं की ही पाचाचीसुद्धा नाही. बिरू तारीख सांगायला लागला, “आवं गुरुजी, ही झाली तवा आमी...” आणि गुरुजींनी हात वर करून त्याला गप्प केलं. ‘ते राहू दे. मी लिहितो. आणि आता ध्यानात ठेव बिरू, कागद म्हणेल तेच खरं. परत कुणापुढं दुसरं काही बोलू नको.’ त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी घरी पेढे आणले होते. शाळा वाचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी बिरूच्या वस्तीवर गेले. बिरू रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी सांधत बसला होता, आठवड्याभरात कळप खाली कराडकडं निघणार म्हणून. माणात दिवाळीनंतर चारा संपतो आणि मेंढरं कृष्णा-कोयनेच्या काठानं पावसाळ्यापर्यंत हिंडतात. तिकडचे शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत मिळतं, त्याबदली धान्य देतात. नवरा, बायको, पोरं, कोंबड्या, सगळा संसार घोड्यावर टाकून जायचा असतो.

गुरुजींनी आडून आडून विषय काढला. बिरूनं जाळीवरचे हात थांबवले नाहीत.

“आवं गुरुजी, आई व्हती तोवर मला घोर नव्हता. पोरं तिच्याजवळ टाकून जायचो. आई गेली. पोरगा पुण्यात कंपनीत हाय. आता सात महिने या माळावर जवान पोरगी एकटी कुनाच्या भरवशावर ठेवू? कुलपात ठेवू? संग न्यावी तर तिची शाळा बुडती, आन् रानोमाळ तरनी पोरगी नेनं सोपं हाय व्हय? स्थळ चांगलं हाय. मागनं काय न्हाई त्येंचं.”

“पण वय, बिरू. वय लहान आहे तिचं.”

बिरूनं आता मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. “कागदावर अठरा हाय की. तुमीच लिवलंय. तुमीच म्हनला व्हता, कागद म्हनंल त्येच खरं, परत तोंड उघडू नको. म्या उघडलं का कवा?”

चुलीपाशी भामाबाई, क्रांतीची आई, भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर परातीत तसाच राहिला. मग ती पुन्हा भाकरी थापू लागली. गुरुजी चहा न घेता उठले. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की अडाणी लोक कागद मानत नाहीत. या माणसानं तर त्यांचा कागद देवासारखा मानला होता.

वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं आणि ग्रामपंचायतीत जाऊन रेश्माला विचारलं, की ज्यानं तारीख लिहिली त्यानंच ती खोटी असल्याचं लिहून दिलं तर? रेश्मा खुर्चीतून अर्धी उठली.

“तर मी आजच्या आज साताऱ्याला बाल कल्याण समितीकडं पाठवते. समिती आईबापांना आणि मुलीला बोलावेल, वयाची खात्री होईपर्यंत लग्न थांबवेल. पण गुरुजी, तुम्हांला माहीत आहे ना तुम्ही काय लिहून देताय? शिक्षण खात्याकडं जाईल ते. चौकशी लागू शकते.”

“माहीत आहे.”

“उद्या सकाळपर्यंत विचार करा,” ती म्हणाली. तिला कागद हवा होता, पण म्हाताऱ्याची काळजीही वाटत होती.

गुरुजी घरी पोचतात न पोचतात तोच सरपंच जयराज हजर. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, ताठ माणूस. गावात बातमी पायानं चालत नाही. तो बसला नाही, उभ्यानंच बोलला.

“गुरुजी, तुमी म्हनं तारखा खोट्या हायत असं लिवून देनार.”

“तारखा नाही. एक तारीख.”

“एक कसली? एक धागा वडला की समदं उसवतंय. नऊ पोरं फौजेत हायत आपली तुमच्या एक जूनवर. त्यात माझा रविराज बी हाय. उद्या कुनी अर्ज टाकला, ह्या गावच्या तारखा बोगस म्हनून, तर? पोरांच्या पोटावर पाय देनार तुमी? एका धनगराच्या पोरीपायी?”

शेवटचं वाक्य ऐकून गुरुजींची कानशिलं तापली. जयराजलाही ते बोलल्यावर कसंतरी झालं असावं, कारण त्यानं मिशीवरून हात फिरवला. गुरुजी म्हणाले, “तुमच्या रविराजला मी चार महिने मोठा केला, जयराज. तो शाळेत आला, शिकला, फौजेत गेला. त्याचं काही वाईट झालं नाही, देशाचंही झालं नाही. हिचं होतंय. रविवारी होतंय. तुमच्या पोराची तारीख त्याला कुठं घेऊन गेली आणि हिची कुठं चाललीय, बघा की तुम्हीच.”

“जावा मग,” जयराज म्हणाला. “पन आमचं नाव घेऊ नका.” आणि तो तरातरा गेला.

गुरुजींची पाचावर धारण बसली होती, हे सांगायला हरकत नाही. त्यांच्या भिंतीवर आदर्श शिक्षक पुरस्काराचा फोटो होता. पेन्शन होती. रस्त्यावरचे रामराम होते, आणि त्या संध्याकाळी पारावरून जाताना दोघांनी तोंड फिरवलेलं त्यांनी बघितलं होतं. सकाळी अंघोळ करून त्यांनी कपाटातून कागद काढला. इथली एकोणीस धरून चौतीस वर्षं त्यांनी शाळांत हजारो पानं लिहिली, पण ही सव्वा पानाची चिठ्ठी लिहायला त्यांना दोन तास लागले.

शुक्रवारी साताऱ्याला समितीपुढं सगळे बसले. लांबट खोली, मोठं टेबल, पलीकडं तीन सदस्य. मधल्या अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. अलीकडं बिरू डोक्याचं पागोटं मांडीवर घेऊन बसला होता, त्याच्या शेजारी भामाबाई, मग क्रांती, कॉलेजचा गणवेश घालून. तो तिनं मुद्दाम घातला होता. रेश्मा फाइल घेऊन उभी. बिरू वाटभर कुणाशी बोलला नव्हता. आपल्याला चोरासारखं इथं आणलं, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

अध्यक्षबाईंनी गुरुजींचा कागद वाचला. “हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“तोंडानं सांगा.”

गुरुजी उभे राहिले. “मॅडम, या मुलीची एक जून ही तारीख मी मनानं लिहिली. ती तेव्हा सहाची नव्हती, पाचाचीसुद्धा नव्हती.” ते थांबले. इथंच थांबता आलं असतं. “लोक म्हणतात मी मुलांच्या भल्यासाठी तारखा लिहिल्या. बाकीच्यांचं तसं असेलही. हिचं नव्हतं. शाळेचा पट एकोणीस होता. वीस झाला नसता तर शाळेवर गदा आली असती, माझी बदली झाली असती. मला विसावं मूल हवं होतं. ही समोर आली, हिला मी दीड वर्षानं मोठी केली. वडील खरी तारीख सांगत होते, मी सांगू दिली नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही.”

क्रांती गुरुजींकडं बघत होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं. आपल्याला शाळेत घातलं ते गुरुजींच्या मायेनं, असंच ती समजत आली होती, आणि गुरुजींना ते तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं. त्यांना मान खाली घालावीशी वाटली, पण त्यांनी घातली नाही.

“अशा आणखी किती तारखा आहेत?” एका सदस्यानं विचारलं.

“बऱ्याच आहेत. ज्याचं त्या तारखेनं नुकसान होत असेल तो येईल, तेव्हा मी त्याच्याही बाजूनं उभा राहीन.”

अध्यक्षबाईंनी मान हलवली. “ठीक आहे. दाखल्यावरची तारीख खोटी. मग खरी कोणती?”

खरी तारीख गुरुजींना माहीतच नव्हती. क्रांतीला कुठून माहीत असणार? आईला दिवस आठवत होता, पण वर्षाचा मेळ बसेना. ती घाबरून काहीतरी सांगायची आणि लगेच बदलायची. पोरगी कळपामागं कराडकडं झाली एवढं आईकडून कळल्यावर रेश्मानं तिकडच्या आरोग्य केंद्रात फोन लावून बघितला होता, पण नेमकं गाव आणि साल कळल्याशिवाय जुनी लसीकरणाची नोंद कुणी शोधेना. दुसरे सदस्य म्हणाले की डॉक्टरी तपासणी करू, पण तिला वेळ लागतो आणि त्यातही वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो. मुलगी सोळाची की अठराची, हे त्यावरून ठामपणे सांगता आलं नाही तर पुन्हा दाखलाच धरावा लागेल. रेश्माचा चेहरा उतरला. दीड वर्षाचा तर सगळा प्रश्न होता.

अध्यक्षबाई बिरूकडं वळल्या. “तुम्ही वडील ना? तुम्हांला काही सांगायचंय?”

गुरुजींच्या मनात आलं, संपलं. हा आता कशाला सांगेल? गप्प राहिला तरी त्याचं काम होतं. नुसतं ‘ठावं न्हाई’ म्हटलं की रविवारचं लग्न मोकळं. बिरू बराच वेळ पागोट्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिला. भामाबाई त्याच्याकडं बघत होती. मग तो उठला.

“चंपाषष्ठीचा दुसरा दिस,” बिरू म्हणाला. “दिवस मावळायला. कराडच्या अलीकडं, कोयनेच्या काठाला मेंढरं बसली व्हती. ज्येंच्या रानात बसलो व्हतो, त्येंच्या घरच्या बायकांनी हिला गरम पान्यानं धुतली. त्या हप्त्यात आमच्या कळपात एकोनीस कोकरं झाली आन् ही विसावी, असं आई म्हनायची.”

“वर्ष कोणतं?”

“वर्साचा आकडा मला न्हाई येत. पन मुंबईत ताजमहाल हाटेलात गोळीबार झाला न्हवं का, तवा. आमच्या चुलत्याचा पोरगा मुंबईत पोलिसात. तीन दिस त्येचा पत्ता नव्हता. आमी त्या शेतकऱ्याच्या दारात बसून टीव्ही बघायचो, मेंढरांकडं बी ध्यान नव्हतं. मग तो जित्ता हाय असा निरोप आला. आन् त्येच्यानंतर चार दिसांनी ही झाली.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. मोबाइलमध्ये जुनं पंचांग बघायला त्यांना फार वेळ लागला नाही. “डिसेंबर दोन हजार आठ,” त्या म्हणाल्या. “म्हणजे सतरा व्हायलाही अजून महिना आहे.” त्यांनी रेश्माला शेतकऱ्याचं गाव लिहून घ्यायला सांगितलं, तिथल्या आरोग्य केंद्रात लसीची नोंद निघेल म्हणाल्या. बिरूनं त्या शेतकऱ्याचं नाव, गाव, वस्ती, सगळं धडाधड सांगितलं. मग अध्यक्षबाईंनी जरा कडक आवाजात विचारलं, “तुम्हांला एवढं पक्कं माहीत होतं, तर लग्न कसं ठरवलंत?”

“मला ठावं व्हतं. कागदाला ठावं नव्हतं,” बिरू म्हणाला. “गुरुजी म्हनले व्हते, कागद म्हनंल त्येच खरं. शिकल्याला मानूस, म्या मानलं. मग अडचन आली तवा त्या कागदाचा मला आधार बी झाला, खोटं कशाला बोलू? वाटलं, सरकारच अठरा म्हनतंय तर माझं काय जातंय. पन आज गुरुजीनंच समद्यांपुढं सांगितलं, कागद खोटा हाय म्हनून. त्येंच्यासारखा मानूस आपल्या तोंडानं चूक कबूल करतोय, आन् म्या बाप असून पोरीच्या जलमाचं ठावं न्हाई म्हनू? चंपाषष्ठीचा भंडारा लावल्यालं पोर हाय ते. न्हाई म्हनवलं.”

गुरुजींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ लिहिलं होतं. हा माणूस त्यांच्या वर्गात एक दिवस बसलेला नव्हता.

पुढचं काम कागदाचंच होतं. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं हमीपत्र झालं. कळपाबरोबर गेल्यावर मुलगी राहणार कुठं, हे अध्यक्षबाईंनी आपणहून विचारलं आणि बिरूचा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडला, कारण तो प्रश्न त्याला आजवर कुणीच विचारला नव्हता. दहिवडीच्या मुलींच्या वसतिगृहात जागेसाठी रेश्मानं तिथल्या तिथं अर्ज भरला. जागा मिळायला पंधरा-वीस दिवस लागतील म्हटल्यावर आतापर्यंत घाबरत बोलणारी भामाबाई ठामपणे बोलली.

“तोवर मी ऱ्हाते हिच्यापाशी. मेंढरं म्होरं जाऊ द्यात. मी मागनं यष्टीनं येते.”

लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण कळप तिच्यावाचून एकदाही निघाला नव्हता. बिरू तिच्याकडं बघतच राहिला, मग म्हणाला, “बरं.”

क्रांतीला विचारलं, तुला काही सांगायचंय का. ती उभी राहिली. “मला जनावरांच्या दवाखान्याचा डिप्लोमा करायचाय. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत हाय. आन् माझी तारीख नीट करून द्या. मला माझीच पायजे.” त्यासाठी आणखी दोन-तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतील, असं रेश्मा म्हणाली. “चढीन की,” क्रांती म्हणाली. टेबलापलीकडचे तिघेही हसले.

सगळे खाली अंगणात आले तेव्हा दुपार झाली होती. गुरुजी जरा मागं रेंगाळले. क्रांती त्यांच्याजवळ आली आणि म्हणाली, “गुरुजी, विसावी म्हनून का हुईना, घेतलं न्हवं तुमी.” गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शाळेच्या पटावर शेकडो नावं लिहिलेल्या त्या हाताला एवढा मान कधी मिळाला नव्हता, असं त्यांना वाटलं.

बिरू पागोटं बांधत उभा होता. गुरुजी त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, “बिरू, चुकलं माझं.”

“व्हय, चुकलं,” बिरू म्हणाला. तो काही मोठेपणा दाखवणाऱ्यातला नव्हता. “तवाच इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं. मी सांगतच व्हतो.”

गुरुजींनी मान डोलावली.

मग बिरूनं खिशातून फोन काढला, क्रांतीकडं दिला आणि कवठे महांकाळचा नंबर लावायला सांगितला. सात महिने डोंगरापलीकडच्या माणसाला हाका मारून बोलणारा मेंढका तो, त्याला हळू बोलता येत नाही. कचेरीच्या अंगणात झाडाखाली बसलेली, अर्ज लिहून घेत असलेली, चहा पीत असलेली माणसं वळून बघायला लागली.

“पाव्हनं, रामराम. मी बिरू बोलतोय. रविवारी येऊ नका... न्हाई, कुनाची फूस न्हाई. कुनी भरवलं बी न्हाई. पोरगीच न्हाई म्हनती. शिकतीया ती... आवं, कागद खोटा हाय. मी सांगतोय, बाप. वय लहान हाय तिचं... सोळा.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भामाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“व्हय, सोळाच,” बिरू म्हणाला. पलीकडच्याला अजूनही ऐकू आलं नसावं, कारण त्यानं छाती भरून दम घेतला आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं तिसऱ्यांदा सांगितलं, “सोळा.”